सुतकातला बंब

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते कुंभकोणच्या काकूंचे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आम्ही आडुतुरैचे शिंपी. वडील तिथल्या बाजारात शिवणयंत्र घेऊन बसत. घरात देव विठोबा, बोलणं मराठी, आणि लिहिणं-वाचणं जे काही थोडं होतं ते तमिळ. काकू तंजावरच्या जुन्या दरबारी घराण्यात दिलेल्या, ब्राह्मण, तरुणपणीच विधवा झालेल्या. राज्य खालसा झालं, इंग्रज आले, घराण्याला पेन्शन मिळू लागली आणि पुढे तीही बंद झाली. काकूंच्या वाट्याला कुंभकोणातलं एक अरुंद, लांबट घर राहिलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मद्रासेत सरकारी नोकरीत होता.

मी कॉलेजात शिकायला आलो तेव्हा वडिलांच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने मला काकूंच्या ओसरीवर जागा मिळाली. आमच्याकडे ओसरीला तिण्णै म्हणतात. बी. ए. होईपर्यंत मी त्या तिण्णैवर झोपलो, त्यांच्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आणि त्यांनी दारातून सरकवलेल्या केळीच्या पानावर जेवलो. आत कधी गेलो नाही. आत जायचं नसतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की त्या उंबऱ्याच्या आत बसत, मी बाहेर बसे. तिथे वाळू पसरून त्यांनी मला बाळबोध अक्षरं शिकवली. जन्मापासून बोलत आलेली भाषा मी कॉलेजात जायच्या वयात वाचायला शिकलो.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. कुंभकोणातल्याच एका शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि मी तिण्णै सोडून विड्याच्या पानांच्या वखारीवर एक खोली घेतली. आता मी मास्तर होतो. दुसऱ्याच्या ओसरीवर झोपणं शोभलं नसतं. पण त्या खोलीत गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की दिवसभरात माझ्याशी आपल्या भाषेत बोलणारं माणूस एकच होतं. शाळेत तमिळ, वर्गात इंग्रजी, खाणावळीत तर कुणी बोलतच नसे. वडील वारले होते आणि आई आडुतुरैला भावाच्या संसारात होती. म्हणून दर रविवारी मी काकूंकडे जाई. काही काम असो वा नसो.

काकू वर्षानुवर्षं पहाटे कावेरीवर आंघोळीला जात. मग गुडघे धरले, त्यामागून छातीत खोकला बसला. डॉक्टरांनी सांगितलं, थंड पाणी अंगावर घ्यायचं नाही, नदीचंही नाही आणि विहिरीचंही नाही. मुलाने मद्रासेत कुणा साहेबाच्या बंगल्यावर गरम पाण्याची सोय पाहिली होती. तिचं चित्र काढून त्याने आमच्या गावातल्या एका तांबटाकडून तशीच करवून घेतली. परसात चूल, चुलीवर तांब्याचा बंद बंब. बंबाच्या वरून एक नळी निघून भिंतीतून आत न्हाणीघरातल्या टाकीत जायची, आणि टाकीच्या तळातून दुसरी नळी परत बंबाच्या बुडाशी यायची. बंबातलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या नळीने टाकीत चढणार, टाकीतलं गार पाणी खालच्या नळीने बंबात उतरणार. असं फिरत फिरत सगळी टाकी ऊन होणार. काकूंनी आतल्या आत टाकीचं बूच काढून पाणी घ्यायचं. टाकीसाठी मद्रासहून पितळी तोटीही आली होती, पण तिच्यात चामड्याची चकती असते असं कळताच काकूंनी ती परसात भिरकावली आणि लाकडी बूच बसवून घेतलं.

चित्रात सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात जाळ केल्यावर थोड्याच वेळात बंब धडधडू लागे, नळ्या हादरत, आणि टाकीत गचका देऊन वाफ येई. काकू घाबरून परसात जात आणि लाकडं ओढून काढत. धडधड थांबे. टाकीत हात घालावा तर पाणी नुसतं कोमट. पुन्हा जाळ, पुन्हा धडधड, पुन्हा लाकडं बाहेर. एका आंघोळीसाठी म्हाताऱ्या बाईने पहाटेच्या गारठ्यात धुरात किती वेळा आतबाहेर करायचं?

"काय रे मास्तर," त्यांनी मला एका रविवारी विचारलं, "तुझ्या शास्त्रात भूत असतं का?"

"नसतं, काकू."

"मग माझ्या बंबात कोण शिरलंय ते सांग."

मुलगा कार्तिकात येऊन गेला तेव्हा तिण्णैवर बसून तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला. वाईट माणूस नव्हता. "तुम्ही इथे असता म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मी संक्रांतीला येईन. तोवर हे नीट चालू लागलं तर आई इथे राहील. नाही चाललं तर घराला कुलूप लावून तिला घेऊन जाणार. पुढचा हिवाळा ती असा काढू शकणार नाही."

काकूंनी आतून ऐकलं होतं. तो स्टेशनावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मद्रासेत वरच्या मजल्यावर घर. सोवळं कुठे वाळत घालू, त्याच्या साहेबाच्या डोक्यावर?" हसून म्हणाल्या आणि आत वळल्या. काकू गेल्या तर कुंभकोणात माझं म्हणावं असं काही उरत नव्हतं.

मी कामाला लागलो. परसात बाजूच्या बोळातून जाता येई आणि तिथवर मला मुभा होती. चूल, बंब आणि भिंतीपर्यंतच्या नळ्या माझ्या ताब्यात. भिंतीपलीकडची टाकी काकूंची. वरच्या नळीला कुठे उतार असला तर तिथे हवा अडकते, म्हणून सुतळी धरून तिचा चढ तपासला. एका जागी नळी जराशी झुकली होती, तिथे विटेचा टेकू दिला. जाळ कमी करून पाहिला. लाकडांऐवजी शेणी लावून पाहिल्या. धडधड जरा उशिरा सुरू झाली, एवढाच फरक.

मग तांबटाला बोलावलं. त्याने बाहेरची नळी सोडवली, एका टोकाला डोळा लावला आणि मला दुसऱ्या टोकातून आभाळ दाखवलं. "वाध्यारे," तो म्हणाला. आमच्याकडे मास्तरांना तसंच म्हणतात, आणि काकूंसारख्या बायकांना मामी. "नळी चोख आहे. मामींचा राग पाण्यात उतरला असेल."

"ऐकलं हो मी!" आतून काकू ओरडल्या. "गेल्या दिवाळीला तुझ्या बायकोला विचारलं होतं तुझ्या रागाचं. सांगू का वाध्यारांना?"

तांबट गुपचूप नळी बसवून निघून गेला.

आता भिंतीच्या आतलं पाहायचं राहिलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांनी पाहता येणार नव्हतं. मी परसात भिंतीशी उभा राहिलो, काकू आत टाकीशी, आणि मधल्या झरोक्यातून आमचं बोलणं सुरू झालं.

"काकू, वरची नळी टाकीत शिरते तिथे हात लावा. कशी लागते?"

"कशी म्हणजे? नळीसारखी."

"ऊन आहे की कोमट?"

"सार पानात वाढतो ना, तेवढी."

बाहेर त्याच नळीला माझं बोट टेकत नव्हतं. "आणि खालची?"

"खालची गार. नुसती गार."

म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. बंबातलं थोडंसं पाणी जागच्या जागी उकळत होतं आणि टाकीतलं बाकीचं पाणी वाट पाहत होतं. वरच्या नळीची वाट कुठेतरी अडली होती, आणि बाहेर तर ती मोकळी दिसली होती.

"काकू, टाकीत नळीच्या तोंडाशी काही अडकलंय का? पाल, पालापाचोळा, काहीही?"

"पाल! माझ्या पाण्यात? शिव शिव शिव. काही नाही तिथे. लख्ख आहे."

"नीट पाहिलंत?"

"अरे, रोज माझ्या हाताने घासते. पोदुम्, पुरे आता तुझी उलटतपासणी."

त्यांच्यावर अविश्वास दाखवणं मला शक्य नव्हतं. मी टेकूची वीट काढली, पुन्हा लावली आणि खोलीवर गेलो. पुढच्या रविवारी आलो तर चुलीतली राख थंड होती, वर कोळ्याने जाळं धरलं होतं. काकू खोकत दारात आल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "विहिरीचं पाणी काही इतकं गार नसतं रे." त्यांची नखं निळसर दिसत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तंजावरला त्यांचे एक दीर वारले आणि काकूंना सुतक आलं. सुतकात पूजा नाही, नैवेद्य नाही, सोवळं नाही. शेजारच्या बायका शिवाशिवीच्या भीतीने यायच्या बंद झाल्या. काकू दिवसभर तिण्णैवर येऊन बसू लागल्या. एरवी त्या कधी तिथे बसत नसत. माझी जागा होती ती.

"ये," त्या म्हणाल्या. "आता आपण दोघंही बाहेरचे."

त्या दिवसांत मी शाळा सुटली की थेट तिकडे जाई. त्यांना काहीच काम नसे. त्या सासरच्या गोष्टी सांगत. एका चुलतसासऱ्याने कलेक्टराच्या भेटीला जाताना पागोट्यात पोळी कशी लपवून नेली आणि वाकून मुजरा करताना ती कशी पडली, हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे. मग एकदम तोंडावर पदर घेत. "मेल्याचं सुतक पाळतेय आणि दात काढतेय." मी त्यांच्या घरी इतकी वर्षं राहिलो, पण त्यांच्या शेजारी बसून बोलायला मिळालं ते त्या दिवसांत. कुणाच्या तरी मरणामुळे ते मिळालं होतं, म्हणून सुतक लांबावं असं उघडपणे मनात आणायलाही लाज वाटे. तरी ते मनात येई.

आणि बंब शांत झाला. मी सकाळी शाळेआधी येऊन पुन्हा जाळ करून द्यायला लागलो होतो. धडधड नाही, वाफ नाही, टाकी हळूहळू सारखी तापत होती. काकू रोज ऊन पाण्याने आंघोळ करू लागल्या. मला वाटलं माझी वीट कामाला आली. शाळेत मी पोरांना पाणी तापून वर कसं चढतं ते शिकवलं आणि फळ्यावर काकूंच्या बंबाचं चित्र काढलं.

सुतक फिटलं. घर सारवलं गेलं, देवांची पूजा पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळातून शिरतो तोच परसात धडधड ऐकू आली.

"बघ," काकू झरोक्यातून म्हणाल्या. "भुतालाही सुतक होतं वाटतं. फिटलं तसं आलं परत."

मी चुलीपुढे बसून राहिलो. वीट जागच्या जागी होती, लाकडं तीच, पाणी त्याच विहिरीचं. बाहेर काहीच बदललं नव्हतं. मग बदललं होतं ते आत, आणि सुतकामुळे.

"काकू, सुतकात तुम्ही काय काय करत नव्हता?"

"हे काय विचारणं? पूजा नाही, सोवळं नाही, गोड नाही."

"न्हाणीघरात?"

"न्हाणीघरात काय? पाणी घ्यायचं, अंगावर ओतायचं, संपलं."

"आणि एरवी?"

"एरवी गाळलेलं पाणी. एवढंही माहीत नाही? पाणी न गाळता देवाला चालतं का?"

"पण टाकीत ओततानाच तुम्ही ते गाळता."

"ओतताना गाळते आणि बंबातून परत येताना पुन्हा गाळते. बंब असतो परसात. त्याला मोलकरीण शिवते, तो तांबट शिवतो, तूसुद्धा शिवतोस. तिकडून आलेलं पाणी तसंच घेऊ सोवळ्यात?"

"कशाने गाळता?"

"नळीच्या तोंडाला फडकं बांधलंय की. चौघडी घालून. सुतकात तेवढं काढून ठेवलं होतं."

मी उठून उभा राहिलो. "काकू! मी विचारलं होतं ना, तोंडाशी काही आहे का म्हणून?"

"मग? फडकं म्हणजे काही होतं का? फडकं ते फडकं."

यात त्यांची चूक मला आजही दिसत नाही. माझी आईसुद्धा घागरीच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत नसे, आणि घागरीत काय आहे असं कुणी विचारलं तर तिने पाणी म्हणूनच सांगितलं असतं. मी बी. ए. झालो होतो, पण नळीच्या तोंडाला काय काय असू शकेल याचा विचार करताना मलाही फडकं आठवलं नाही. काकूंनी ते सोडून झरोक्यातून काठीच्या टोकाने बाहेर दिलं. विहिरीच्या बारीक गाळाने ते पापडासारखं कडक झालं होतं. तापलेलं पाणी हलकं होऊन चढतं खरं, पण त्या चढण्याला फारसा जोर नसतो; चार पदरांतून शिरण्याइतका तर नाहीच.

पण कारण कळलं म्हणून काम झालं नव्हतं. फडकं काढून टाका, असं मी कसं म्हणणार? तसलं पाणी त्यांनी अंगावर घेतलं नसतं. त्या पुन्हा विहिरीवर गेल्या असत्या, आणि संक्रांत जवळ आली होती.

"टाकीच्या बुचाखाली बांधाल का?" मी विचारलं. "पाणी तुमच्या तपेल्यात पडतं तिथे? तिथून ते धारेने येतं, फडक्यातून सहज जाईल. आणि सगळं गाळूनच मिळेल."

"आणि टाकीत बिनगाळलेलं राहील ते?"

ते माझं क्षेत्र नव्हतं. काकू म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी गेलो. बंब पेटलेला होता आणि आवाज नव्हता. मी चुलीपाशी बसलो. आतून पाण्याची धार तपेल्यात पडल्याचा आवाज आला, मग अंगावर ओतल्याचा.

"आहेस का रे?" काकूंनी आतून विचारलं.

"आहे."

"टाकी बंबाचीच म्हणायची. तपेलं माझं. ठरवलं मी." मग म्हणाल्या, "पाणी चांगलं ऊन आहे."

त्या महिन्यात त्यांचा खोकला गेला. गुडघे सैल झाले. संक्रांतीला मुलगा आला, त्याने स्वतः त्या पाण्याने आंघोळ केली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "आता न्यायचं कारणच उरलं नाही." मला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्या संध्याकाळी मी खोलीवर न जाता कावेरीच्या घाटावर बसून राहिलो.

दोन दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. उंबऱ्याच्या आत पेटी उघडी होती.

"सुनेला सातवा महिना आहे," त्या म्हणाल्या. "तिला आई नाही. मी जाते बाळंतपणाला."

"तुम्हाला तर तिकडे जायचं नव्हतं."

"ओझं म्हणून न्यायला आला होता, तेव्हा नव्हतं जायचं. आता कामाला जातेय. हातपाय चालतायत तर बसून कुणाची वाट पाहू?"

मी खाली पाहत राहिलो.

"काही बोलत नाहीस."

"काय बोलू?"

"म्हण की, जाऊ नका."

"जाऊ नका, काकू."

"हं. बरं वाटलं ऐकून. पण जाणार." आणि त्यांनी दोन लुगडी घडी करून पेटीत ठेवली.

मी स्टेशनावर गेलो होतो. मुलगा तिकिटं पाहत होता, काकू खिडकीशी बसून मला खाणावळीत ताक जपून पी म्हणून सांगत होत्या. गाडी हलली तेव्हा त्या बोलतच होत्या. नातू झाल्याचं कार्ड मला मुलाकडून आलं. आई इथे रमली आहे, घर भाड्याने द्यावं असा विचार आहे, असं त्यात शेवटी होतं. त्यावर मी काकूंना पत्र लिहिलं. त्यांना चष्म्यानेही बारीक दिसत नसे, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याची एक नक्कल माझ्याकडे राहिली, ती अशी:

"काकू, वडीलधाऱ्यांच्या पत्रात आधी काय काय लिहायचं ते तुम्हीच मला शिकवलंत. ते सगळं इथे लिहिलं आहे असं समजा, कागद लहान आहे.

नातवाची बातमी मिळाली. आनंद झाला. त्याला ऊन पाणी लागेल. तिकडे तसला बंब करवलात तर तांबटाला कागदावर काढून देता यावं म्हणून मी चित्र सोबत पाठवतो. फडकं कुठे बांधायचं ते तुम्हाला सांगायला नको.

घर मोलकरणीकडून झाडून घेतलं. बंबातलं पाणी काढून तो पालथा घातला आहे, नाहीतर आतून हिरवा पडेल. तांबट विचारत होता, मामी रागावून गेल्या का म्हणून. नाही म्हणून सांगितलं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. जेवताना तुम्ही आतून विचारायचात, पुरे का रे, आणि मी पुरे म्हणायचो. पुष्कळदा पुरलेलं नसायचं. तुम्ही तरी आणखी भात सरकवायचात आणि म्हणायचात, उरलाय, वाया जाईल. तो उरलेला नसायचा, हे मला तेव्हाच कळत होतं. मी शिकलो तो त्या भातावर. माझ्या वडिलांना हे माहीत होतं. जाण्याआधी त्यांनी मला सांगितलं होतं, त्या बाईंना विसरू नकोस. मी विसरलेलो नाही. तोंडाने सांगायला जमलं नसतं म्हणून लिहितो.

माझं ठीक चाललं आहे. शाळा बरी आहे. ताक पीत नाही. रविवारी काय करावं ते मात्र अजून ठरत नाही. मागच्या रविवारी दारासुरमपर्यंत चालत गेलो, तिथे विणकरांच्या गल्लीतून एक फेरी मारली आणि परत आलो. कुणाशी बोलणं झालं नाही.

घर भाड्याने द्यायचं ठरलं तर मी भाडेकरू पाहीन, चांगली माणसं पाहीन. पण त्याआधी तुमच्या हातच्या दोन ओळी याव्यात. परत येणार असाल तर कळवा. येणार नसाल तरी कळवा."